गुणवत्तेची निवड आणि न्याय

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



ज्या शाळेच्या ओसरीवर मी पाढे म्हटले, त्या शाळेच्या हीरक महोत्सवात मला बोलण्यासाठी उभे केले, याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे. माझी सारी नोकरी छत्तीसगडात, रायपूरच्या उत्तरेस असलेल्या बीरगांवात, प्राथमिक शिक्षक म्हणून झाली. निवृत्तीनंतरही मी तेथेच राहतो. ‘गुणवंत विद्यार्थी आणि आपली शाळा’ या विषयावर चार शब्द सांगावेत, असे पत्र मला आले. गुणवंतांचे कौतुक करावे, अशी त्यामागची अपेक्षा असावी. ते कौतुक मी करणारच आहे. परंतु गुणवंत कोण हे ठरवतो कोण, आणि ते ठरवताना कोण बाहेर राहते, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षे घर करून आहे. तो आज आपल्यापुढे मांडण्याची परवानगी मी मागतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शिष्यवृत्तीधारकांचा जो फलक आहे, त्यावर माझे नाव आहे. आज सकाळी आल्याबरोबर मी ते पाहून आलो. रंग फिका झाला आहे, पण अक्षरे वाचता येतात. ते नाव वाचताना मला नेहमी दुसरे एक नाव आठवते, जे तेथे नाही. माझ्या शेजारी बसणारा तो मुलगा तोंडी हिशेबात माझ्या पुढे होता. मी पाटीवर मांडणी करीपर्यंत त्याचे उत्तर तयार असे. परंतु धान कापणीच्या दिवसांत तो महिनाभर शाळेत येत नसे, आणि त्याच दिवसांत गुरुजींनी शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांची यादी केली. गुरुजींनी आम्हांला सकाळी लवकर बोलावून, एक पैसाही न घेता शिकवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या हातून अन्याय झाला असेही मी म्हणत नाही. मात्र माझे नाव फलकावर लागण्यापूर्वी ते एका यादीत लागले होते, आणि ती यादी परीक्षेने केलेली नव्हती, एवढे मला पुढे कळले.

आपली शाळा सुरू झाली तो काळ मोठ्या शैक्षणिक विचारमंथनाचा होता. १९६४ ते १९६६ या वर्षांत कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा आढावा घेतला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. वस्तीतील सर्व थरांची मुले ज्या एकाच शाळेत शिकतील, अशी शेजारशाळेची कल्पना आयोगाने पुरस्कारली होती. त्याच दशकात महाराष्ट्रात दुसराही एक विचार रुजत होता. मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना राज्यात शासकीय विद्यानिकेतने निघाली. ग्रामीण भागातील हुशार मुलांना निवडून, निवासाची सोय करून उत्तम शिक्षण द्यावे, हा त्यामागचा हेतू होता. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी प्रशाला सुरू केली. बुद्धिमत्ता ही समाजाची ठेव आहे आणि ती समाजाच्या कामी आली पाहिजे, ही तेथील धारणा होती.

हे दोन विचार परस्परांचे वैरी नाहीत, पण त्यांच्यात एक ताण आहे. एक म्हणतो, सर्वांना एकत्र शिकवा. दुसरा म्हणतो, ज्यांची झेप मोठी आहे त्यांना वेगळे आकाश द्या. या ताणाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नवोदय विद्यालये. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे, आणि दुसरे आपल्या विदर्भात, अमरावती येथे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या योजनेला देशव्यापी रूप दिले. त्या वेळी हे खाते सांभाळणारे पी. व्ही. नरसिंह राव लोकसभेत रामटेकचे प्रतिनिधी होते, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. आज अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये देशात आहेत. सहावीत प्रवेश, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके या साऱ्यांची सोय, आणि साधारणपणे प्रत्येक विद्यालयात वर्षाला ऐंशी जागा.

या ऐंशी जागा कशा भराव्यात, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी बारकाईने केला होता. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी. एकतृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती व जमातींसाठी जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठीही तरतूद. परीक्षा मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत देता येते. मराठी शाळेतील मूल मराठीतच उत्तरे देते. प्रश्नपत्रिकेचे निम्मे गुण आकृत्यांवरील बुद्धिमापनाला असतात. तेथे वाचलेल्या पुस्तकांपेक्षा नजरेची आणि तर्काची कसोटी लागते. उरलेले निम्मे अंकगणित आणि भाषा यांत वाटलेले असतात. एखाद्या श्रीमंत शाळेने आपल्या सोयीने प्रवेश द्यावेत, तशी ही पद्धत नाही. न्याय्य निवड कशी असावी, याचा प्रामाणिक प्रयत्न म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे. खेड्यातील कित्येक शेतमजुरांची मुले या दाराने डॉक्टर, अभियंते, प्रशासक झाली आहेत. आज या सभागृहातही नवोदयला गेलेले आपले दोन-तीन विद्यार्थी बसलेले मला दिसत आहेत.

इतका चांगला नियमही कोठे अपुरा पडतो, हे मला बीरगांवने शिकवले.

बीरगांव नावाने गाव आहे. एके काळी ते खरोखरच गाव होते. शेजारी उरला येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, लोखंडाचे कारखाने आले, आणि त्यांच्या धुरात गावाचे शहर होत गेले. नगरपालिका आली, पुढे नगर निगम झाले. कागदावर ते आता शहर आहे. तेथे राहतो कोण? छत्तीसगडच्या खेड्यांतून, बिहार-उत्तर प्रदेशातून, ओडिशातून आणि काही आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेला कामगार. एका खोलीत पाच-सहा माणसे, बाहेर सामाईक नळ, वडील पाळीवर, आई कोठे धुणीभांडी करायला किंवा ठेकेदाराच्या कामावर.

आता नवोदयचा नियम पाहा. ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा असेल, तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. त्यांतील थोडा काळ जरी शहरी शाळेत गेला, तरी ते मूल शहरी गणले जाते. या नियमामागे शहाणपण आहे. तो नसता, तर शहरातील सुखवस्तू पालकांनी ऐनवेळी खेड्यात नाव घालून त्या जागा नेल्या असत्या. तरीही ‘नाव खेड्यातल्या शाळेत आणि मूल शहरातल्या शिकवणीत’ अशा तक्रारी ऐकू येतातच. पण या नियमाने बीरगांवातील मजुराचे मूल कोठे जाऊन पडते? गावी दुष्काळ पडला म्हणून बापाने तिसरीतले पोर घेऊन कारखान्याची वाट धरली. त्या क्षणी ते पोर शहरी झाले. ग्रामीण मुलांसाठीच्या निदान साठ जागा त्याच्या हातून गेल्या. उरल्या फार तर वीस, आणि त्याही सर्वांसाठी खुल्या. त्या जागांसाठी त्याची स्पर्धा रायपूर शहरातील अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, आम्हां शिक्षकांच्या मुलांशी. ज्या गरिबीमुळे त्याला सवलत मिळायला हवी होती, त्याच गरिबीपायी गाव सुटले आणि गावाबरोबर सवलतही सुटली.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. कोणताही नियम माणसांना गटांत बसवूनच चालतो, आणि गटांच्या सीमेवर उभी असलेली माणसे त्याला दिसत नाहीत. ती पाहणे हे नियम राबवणाऱ्या जवळच्या माणसाचे काम असते. ते जवळचे माणूस मी होतो. मी ते काम कसे केले, हे सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

तेव्हा अर्ज कागदी असत. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने ते विकासखंड शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जात. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. पटावर चाळीसच्या वर मुले. अर्ज भरणे हे किचकट काम होते. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला, छायाचित्र, पालकाची सही किंवा अंगठा. ज्यांचे पालक चारदा फेऱ्या मारतील, अशाच मुलांचे अर्ज पुरे होत. म्हणून मी दरवर्षी सहा-सात मुले निवडी. नीटनेटकी, नियमित, वहीत अक्षर सुरेख, विचारले की उठून उत्तर देणारी. मला वाटे, मी हुशार मुले निवडतो आहे.

एका वर्षी मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेत येई, बहुधा उशिराच. वर्गात तिचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. वाटलेले अर्ज तिने पाहिले होते. छत्तीसगडीत तिने विचारले, “गुरुजी, मोर बर फारम नइ हे का?” माझ्यासाठी अर्ज नाही का?

मी सांगितले, अर्ज संपले. ते खोटे होते. कपाटात अर्ज होते. तिचे कागद जमणार नाहीत, आणि जमले तरी ती काही निवडली जायची नाही, असा हिशेब मी मनात करून टाकला होता. त्यानंतर काही आठवड्यांनी मी सरावासाठी आकृत्यांचे प्रश्न फळ्यावर काढले. चार आकृत्यांत वेगळी कोणती, आरशात ही आकृती कशी दिसेल, असे ते प्रश्न. निवडलेली मुले पुढच्या बाकांवर होती. ती मागे भावाला मांडीवर घेऊन बसली होती. एका प्रश्नावर पुढची सारी मुले अडली, तेव्हा मागून तिने हलकेच बरोबर उत्तर सांगितले. मग दुसरे, मग तिसरे. तोवर अर्जाची मुदत संपून गेली होती.

दोन वर्षांनी तिचे कुटुंब खोली सोडून दुसरीकडे गेले. पुढे तिचे काय झाले, मला ठाऊक नाही. ती नवोदयला निवडली गेलीच असती, असा माझा दावा नाही. परीक्षेने तिला नाकारले असते, तर ते परीक्षेचे उत्तर ठरले असते. येथे परीक्षेने तिला नाकारले नाही. मी नाकारले. आणि मी स्वतःला कनवाळू, निःपक्षपाती शिक्षक समजत होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक अभ्यास माझ्या वाचनात आला, आणि माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती हे उमगले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात गुणवान मुलांसाठी खास वर्ग होते. त्यासाठी मुलांची नावे शिक्षक किंवा पालक सुचवीत, आणि मग त्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी होई. २००५ च्या सुमारास त्या जिल्ह्याने पद्धत बदलली. कोणी नाव सुचवो वा न सुचवो, दुसरीतील सर्व मुलांची आधी एक आकृतींवरची प्राथमिक चाचणी घ्यायची, असे ठरले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. हे कार्ड पुढे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. निवडीचे निकष खाली न आणता, खास वर्गांसाठी पात्र ठरणाऱ्या गरीब मुलांचे प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळजवळ तिप्पट झाले. कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांनी आणि स्पॅनिशभाषक वंशाच्या मुलांचे १३० टक्क्यांनी वाढले. ही मुले त्याआधीही त्याच शाळांत, त्याच वर्गांत बसत होती. त्यांची बुद्धी एका वर्षात वाढली नव्हती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे पैशांची टंचाई आली, सर्वांची चाचणी बंद झाली, आणि आकडे पुन्हा पूर्वीच्या जागी आले.

हा अभ्यास मी वाचला, तेव्हा मला त्या मुलीचा प्रश्न पुन्हा ऐकू आला.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येईल. मग परीक्षाच सदोष आहे का? ती काढून टाकावी का? मला तसे वाटत नाही. या बाबतीत न्यूयॉर्कचे उदाहरण बोलके आहे. तेथील काही नामांकित शासकीय माध्यमिक शाळांत १९७१ च्या कायद्यानुसार केवळ एका परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो. २०१९ मध्ये त्यांतील स्टायव्हेसंट या शाळेने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यांत कृष्णवर्णीय मुले अवघी सात होती. एवढ्या मोठ्या आणि मिश्र वस्तीच्या शहरात हा आकडा कोणालाही अस्वस्थ करील. परीक्षा बदला, अशी मागणी झाली. पण तिला विरोध करणाऱ्यांत आशियातून आलेली अनेक गरीब स्थलांतरित कुटुंबे होती. त्यांचे म्हणणे असे, की आम्हांला ना ओळखीपाळखी, ना सफाईदार इंग्रजी. मुलाखत आणि शिफारस आली की आम्ही मागे पडू. परीक्षा हे आमच्यासाठी उघडे असलेले एकच दार आहे.

दोन्ही बाजूंत सत्य आहे. शिफारशीच्या आणि वशिल्याच्या जगात परीक्षा ही गरिबाची मैत्रीण ठरली आहे, हे आपल्या देशातही आपण पाहतो. पण परीक्षा केंद्राच्या दारापर्यंत कोण पोहोचतो, तेथवर येईतो कोणाला किती शिकवणी मिळाली, आणि दार कोणत्या भाषेत उघडते, यांचा विचार परीक्षा करीत नाही. तो माणसांनी करावा लागतो.

एक उदाहरण आपल्या साऱ्यांच्या परिचयाचे आहे, पण या बाजूने आपण त्याकडे क्वचित पाहतो. १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा अडतीसच्याही आत. त्याला संस्कृत शिकायचे होते, परंतु अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावी लागली. चाळीतल्या अपुऱ्या जागेत त्याने अभ्यास केला होता. गुणांची यादी लावून वरची ऐंशी नावे निवडायची असती, तर त्या यादीत हे नाव आले नसते. पण चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेस पडला होता. केळुसकर गुरुजींनी त्याला पुस्तके दिली, आणि त्याच्यासाठी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो १९१२ मध्ये बी. ए. झाला आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. भीमराव आंबेडकर हे नाव पुढे देशाच्या राज्यघटनेशी जोडले गेले.

याचा अर्थ कमी गुण हेच थोरपणाचे लक्षण, असा कोणी घेऊ नये. गुणांच्या मागे काय अडथळे होते हे पाहणारा एक माणूस त्या बागेत होता, एवढाच त्याचा अर्थ आहे. पण असा माणूस भेटणे हा योगायोग झाला, आणि न्याय योगायोगावर सोपवता येत नाही. केळुसकरांची ती नजर शाळेच्या नित्याच्या रीतीत कशी आणता येईल, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

पालकहो, आता थोडे आपल्याशी बोलतो. नवोदयच्या आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षांसाठी हल्ली गावोगावी शिकवण्या निघाल्या आहेत. मार्गदर्शक पुस्तकांचे गठ्ठे विकले जातात. नऊ-दहा वर्षांचे मूल सकाळी एक वर्ग, दुपारी शाळा आणि संध्याकाळी दुसरा वर्ग करून आकृत्या घोकते. ज्या प्रश्नांतून उपजत तर्क पाहायचा, तेच प्रश्न सरावाने पाठ झाले, की परीक्षा तर्काऐवजी शिकवणीचे मोजमाप करू लागते. आपण आपल्या मुलासाठी झटता, यात गैर काहीच नाही. पण शेजारच्या घरातले मूल केवळ शिकवणीचे पैसे नाहीत म्हणून मागे राहत असेल, तर आपल्या मुलाचे यशही पुरते त्याचे उरत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील कित्येक शिक्षक शाळा भरण्यापूर्वी साऱ्या मुलांचे शिष्यवृत्तीचे वर्ग विनामोबदला घेतात. आपल्या गुरुजींनी तेच केले होते. ती परंपरा महाराष्ट्राच्या शिक्षणाचे खरे वैभव आहे. ती यादीतील मुलांपुरती न राहता वर्गातील सर्वांसाठी झाली, की शिकवणीच्या बाजाराला आपोआप उत्तर मिळते.

भाषेचाही विचार करावा लागेल. छत्तीसगडातील मूल घरी छत्तीसगडी बोलते आणि परीक्षा हिंदीत देते. आपल्या पूर्व विदर्भात कोणाच्या घरी गोंडी असते, कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी हिंदी, आणि परीक्षा प्रमाण मराठीत. परिच्छेद वाचून उत्तरे देताना ते मूल अडखळते, ते बुद्धीने नव्हे. त्या मुलीने मला छत्तीसगडीत विचारले, तेव्हा तिची भाषा हेही मी तिला न निवडण्याचे एक कारण मनाशी धरले होते, हे आज मला कबूल केले पाहिजे. मातृभाषेतून शिकण्याचा आग्रह धरणारी आपली ही मराठी शाळा आहे. तिने तरी दुसऱ्याच्या मातृभाषेला अडाणीपणाची खूण मानू नये.

निवड झालेल्या मुलांत सर्व थरांतील मुले असावीत, हा आग्रह काहींना दयेचा भाग वाटतो. तो शिक्षणाचा भाग आहे. नवोदयमध्ये नववीत गेलेल्या मुलांपैकी तीस टक्के मुले एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील विद्यालयात राहून येतात. हिंदी प्रदेशातली अहिंदी प्रदेशात जातात आणि तिकडची इकडे येतात. मराठी मूल तेथे परक्या जेवणाची, परक्या बोलीची, परक्या सणांची सवय करून घेते. परत येते ते मोठे होऊन. मजुराचे मूल आणि प्राध्यापकाचे मूल एका खोलीत राहिले, की दोघेही असेच मोठे होतात. प्राध्यापकाच्या मुलाला कळते, की आपल्याला जे सहज आले ते घरातल्या पुस्तकांमुळे. मजुराच्या मुलाला कळते, की समोरचा मुळात काही वेगळ्या मातीचा नाही. दोघांपैकी कोणीही हे एकटे राहून शिकले नसते.

आणि ज्यांची निवड होत नाही, त्यांचे काय? एका जिल्ह्यात हजारो मुले परीक्षेला बसतात आणि ऐंशी निवडली जातात. ऐंशीव्या आणि एक्याऐंशीव्या मुलात अंतर असते एखाद्या प्रश्नाचे. त्या एका प्रश्नावर एकाला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मैदान मिळावे आणि दुसऱ्याला गळके छप्पर, हे परीक्षा कितीही निर्दोष झाली तरी न्याय्य ठरत नाही. म्हणून निवडीच्या न्यायाचा अर्धा भाग निवडीबाहेर आहे. परतलेल्या मुलासाठी आपली साधी शाळा किती चांगली आहे, यावर तो अवलंबून आहे. आपल्या शाळेने साठ वर्षांत कोणाची चाचणी घेऊन प्रवेश दिला नाही. जो आला त्याला बाकावर बसवले. फलकावरच्या नावांपेक्षाही मला त्या पटाचा अभिमान अधिक वाटतो.

शेवटी, केवळ बोलून जाऊ नये म्हणून शाळेपुढे, आपणा माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे काही नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना शाळेला. या वर्षापासून शिष्यवृत्ती आणि नवोदयसाठी मुलांची निवड करू नये. नियमात बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा अर्ज शाळेनेच भरावा. ज्याला बसायचे नसेल, त्याच्या पालकाने तसे सांगावे. आज मुलाला नाव घालण्यासाठी मागावे लागते. उद्या नाव गाळण्यासाठी सांगावे लागेल. एवढ्या एका उलटापालटीने बरेच काही बदलेल, असे मला अनुभवाने वाटते. आठवीतील मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. वर्षाला बारा हजार रुपये बारावीपर्यंत मिळतात. तेथेही हीच रीत ठेवावी.

दुसरी सूचना माजी विद्यार्थ्यांना. अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. नवोदयचा अर्ज विनामूल्य असला, तरी दाखले काढायला, छायाचित्राला, परीक्षा केंद्रावर जाण्यायेण्याला पैसे आणि आईबापाची एका दिवसाची मजुरी लागते. आपण महोत्सवासाठी जो निधी जमवला आहे, त्यातून कमानीवर आणि रोषणाईवर थोडा कमी खर्च करून हा भार उचलावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखले काढून देणारे चार माजी विद्यार्थी मिळाले, तर ते कोणत्याही देणगीहून मोठे काम होईल.

तिसरी सूचना पालकांना. आपले मूल निवडले गेले, तर आनंद करा. नाही निवडले गेले, तर त्याला नापास म्हणू नका. आणि वर्गात उशिरा येणारे, मागे बसणारे, भावंड सांभाळणारे जे मूल असेल, त्याच्याही अर्जाची चौकशी एकदा करा. आपल्या मुलाची जागा त्याने घेतली, असे तुम्हांला कधीतरी वाटेल. त्या वेळी एवढेच आठवावे, की ती जागा अजून कोणाचीच नव्हती.

माझ्या गुरुजींनी मला यादीत घेतले म्हणून आज मी येथे उभा आहे. त्या उपकाराची फेड मी बीरगांवात यादी करून करू पाहिली, आणि तेथेच चुकलो. त्यानंतरच्या वर्षांत, निवृत्त होईपर्यंत, मी वर्गातील प्रत्येक मुलाचा अर्ज भरला. कागद जमवण्यात कित्येक रविवार गेले. फार मुले निवडली गेली, असे नाही. पण ‘माझ्यासाठी अर्ज नाही का’ असे विचारायला त्यानंतर माझ्या टेबलापाशी कोणी आले नाही. आपल्या शाळेतही यापुढे कोणाला तसे विचारावे लागू नये, एवढीच या शुभप्रसंगी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.